विंडोज अपडेट: वेळ, डेटा आणि जागा तुम्हीच ठरवा

मोबाइलमध्ये आपण 'फक्त वाय-फायवर अपडेट' हे सेटिंग करून निश्चिंत होतो. पण त्याच मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडला, की लॅपटॉपला ते बहुतेक वेळा साधं वाय-फायच वाटतं. मग दिवसभराचा डेटा तासाभरात साफ!

म्हणून काही जण अपडेट कायमचे बंद करतात. मी तसं अजिबात सुचवणार नाही. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' या रॅन्समवेअरनं जगभरातले कॉम्प्युटर लॉक केले, ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांचं कामही कोलमडलं. ज्या त्रुटीतून तो पसरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. तेव्हा अपडेट हवंच, फक्त आपल्या सोयीनं. विंडोज ११ मध्ये ते कसं करायचं ते पाहू.

१. वेळ
सेटिंग्ज > विंडोज अपडेट > ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स > ॲक्टिव्ह अवर्स इथे जा. 'मॅन्युअली' निवडून तुमच्या कामाची वेळ टाका. या वेळेत विंडोज आपणहून रीस्टार्ट होत नाही. जास्तीत जास्त १८ तास देता येतात. मी सकाळी ८ ते रात्री १२ ठेवलंय.
परीक्षा किंवा सबमिशन जवळ आलंय? 'पॉज अपडेट्स' मधून ५ आठवड्यांपर्यंत अपडेट थांबवता येतात. मुदत संपली की आधी अपडेट करावं लागतं, मगच पुन्हा पॉज करता येतं.

२. डेटा
सेटिंग्ज > नेटवर्क अँड इंटरनेट > वाय-फाय मध्ये हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीज उघडा आणि 'मीटर्ड कनेक्शन' ऑन करा. आता बहुतेक अपडेट त्या हॉटस्पॉटवर आपोआप डाउनलोड होणार नाहीत. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधलं 'डाउनलोड अपडेट्स ओव्हर मीटर्ड कनेक्शन्स' मात्र ऑफच असू द्या. आठवड्यातून एकदा घरच्या किंवा कॉलेजच्या वाय-फायवर 'चेक फॉर अपडेट्स' दाबायचं, विसरायचं नाही.

३. जागा
डाउनलोड झालेले अपडेट सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन' या फोल्डरमध्ये साठतात. ही जागा डी ड्राइव्हवर हलवायचा पर्याय सेटिंग्जमध्ये नाही. 'व्हेअर न्यू कंटेंट इज सेव्ह्ड' हा पर्याय दिसतो, पण तो नवीन ॲप्स, फोटो, व्हिडिओ यांच्यासाठी आहे, विंडोज अपडेटसाठी नाही.
मग सी ड्राइव्ह भरला तर? सेटिंग्ज > सिस्टिम > स्टोरेज > टेम्पररी फाइल्स मध्ये 'विंडोज अपडेट क्लीनअप' वर टिक करून जुन्या फाइल्स काढा. त्याच यादीत 'डाउनलोड्स' पण असतं. त्यावर टिक केलीत तर तुमच्या नोट्स आणि पीडीएफ उडतील, सांभाळा! 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसलं, तर ते पुसल्यावर जुन्या व्हर्जनवर परत जाता येत नाही.
मोठं व्हर्जन अपडेट असेल आणि तरीही जागा कमी पडली, तर विंडोज बाहेरचा ड्राइव्ह मागू शकतं. अशा वेळी किमान १० जीबी मोकळी जागा असलेला पेनड्राइव्ह लावा, त्यातल्या डेटाचा बॅकअप आधी घ्या आणि काम पूर्ण होईपर्यंत तो काढू नका.

तिन्ही सेटिंग्ज मिळून दहा मिनिटांचं काम आहे. पुढच्या वेळी हॉटस्पॉट जोडण्याआधी एवढं उरकून घ्या.