गोदातीरी टोमॅटोचे घर

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गाने गोदावरी ओलांडली, की गंगाखेड लागते. संत जनाबाईंचे हे जन्मगाव. येथील माणूस गोदावरीला गंगाच म्हणतो. नदीकाठची जमीन काळी आणि खोल. तीत पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी, कापूस व तूर पिकत आली, आणि अलीकडे सोयाबीन व ऊस यांनीही तेथे आपले बस्तान बसविले आहे. वैशाखात पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो; पौषात कित्येक रात्री तो दहाच्याही खाली उतरतो. अशा मुलखात एखादा शेतकरी टोमॅटोसाठी प्रथमच एक स्वतंत्र घर उभारू लागला, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांस नवल वाटावे हे साहजिक आहे. उघड्या वाफ्यात येणाऱ्या झाडाला घर कशाला? या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे, तर एक इतिहास फळाचा आणि दुसरा घराचा, असे दोन निरनिराळे इतिहास थोडक्यात पाहिले पाहिजेत. श्रोतेहो, हे दोन्ही पाहुणे परक्या मुलखातून आलेले आहेत. मात्र ते आले दोन वेगळ्या वाटांनी.

टोमॅटोचे मूळ माहेर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडील अँडीज पर्वताच्या परिसरात. तेथे त्याचे रानटी भाऊबंद आजही आढळतात. त्याची शेती मात्र भरास आली ती मेक्सिकोत, आणि 'टोमॅटो' हा शब्दही तेथील नाहुआत्ल भाषेतील 'तोमात्ल' यावरून आलेला आहे. इ. स. १५२१ मध्ये स्पेनने अ‍ॅझटेकांची राजधानी जिंकली, आणि त्यानंतर हे फळ युरोपात पोहोचले. मातिओली नामक इटालियन वैद्याने १५४४ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि दहा वर्षांनी त्याला 'सोन्याचे सफरचंद' अशा अर्थाचे नाव दिले. नाव इतके गोड, तरी ताटात त्याला जागा मिळावयास फार काळ लागला. धोतरा आणि विषारी बेलाडोना यांच्या कुळातले हे झाड, तेव्हा त्याचे फळही घातक असेल, अशी शंका लोकांच्या मनातून लवकर जाईना.

आपल्याकडेही त्याची कथा अशीच आहे. मिरचीही अमेरिकेचीच, पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आली आणि पाहता पाहता आपल्या ठेच्याची स्वामिनी होऊन बसली. टोमॅटोला मात्र आपल्या स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडावयास शतके लागली. याचे कारण, मला वाटते, गरजेत आहे. स्वस्त तिखटाची उणीव मिरचीने भरून काढली. आंबटाची उणीव आपल्याला कधी नव्हतीच. देशावर चिंच, कोकणात आमसूल, उन्हाळ्यात कैरी! त्यातून या फळाच्या तांबड्या रसाने सोवळ्या मनास मांसाची आठवण होई. जगन्नाथपुरीच्या महाप्रसादात टोमॅटो आजही घालीत नाहीत. बंगाल्यांनी त्याला 'विलायती वांगे' म्हटले. विदर्भात 'भेद्रे' हे नाव रूढ झाले. हळूहळू शहरातील खाणावळींनी व बाजारांनी त्याला आपलेसे केले, आणि मग तो खेड्यांतील आमटीतही उतरला.

आता घराचा इतिहास. रोमचा सम्राट तायबेरियस याला काकडीची मोठी आवड. ती त्याला बारमाही हवी असे. त्याच्या माळ्यांनी चाकांवर वाफे केले. ते दिवसा उन्हात ओढीत, आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या पातळ पत्र्यांखाली ठेवीत, असे प्लिनी लिहितो. काचगृहाचा हा मूळपुरुष म्हणावयास हरकत नाही. पुढे इंग्लंडात काचेवर जबर कर असल्यामुळे काचगृह हा केवळ सरदारांचा षोक होता. १८४५ मध्ये तो कर उठला, काच स्वस्त झाली, आणि १८५१ मध्ये काचगृहे बांधण्यात हातखंडा असलेल्या जोसेफ पॅक्स्टन याने लंडनच्या प्रदर्शनासाठी काच व लोखंड यांचा विख्यात 'क्रिस्टल पॅलेस' उभा केला. इंग्लंड व फ्रान्स यांमधील समुद्रात गर्न्सी नावाचे चिमुकले बेट आहे. तेथील लोकांनी प्रथम द्राक्षांसाठी काचगृहे बांधली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच घरांत ते टोमॅटो पिकवू लागले. पुढे कित्येक दशके त्या बेटाचा संसार टोमॅटोवर चालला. परंतु हिवाळ्यात ती घरे तापवावी लागत. १९७३ नंतर तेलाच्या किमती भडकल्या, त्यातच हॉलंडच्या मालाशी स्पर्धा आली, आणि तो भरभराटीचा धंदा ओसरला. ही गोष्ट लक्षात ठेवावी. गंगाखेडला परतताना ती आपल्या कामी येणार आहे.

काचेची जागा पुढे प्लास्टिकने घेतली. पॉलिथीनचा शोध इंग्लंडात १९३३ मध्ये लागला. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात एमर्ट नावाच्या प्राध्यापकाला काचेचे घर परवडत नव्हते. त्याने १९४८ मध्ये लाकडी सांगाड्यावर प्लास्टिकचा कागद ताणून काम भागविले, आणि आजच्या पॉलिहाउसचा पाया घातला गेला.

या साऱ्या घरांचे मर्म एकच आहे: प्रकाश आत येतो, जमीन व पाने तापतात, आणि तापलेली हवा बाहेर निसटू शकत नाही. थंड मुलखात हे वरदान होय. मराठवाड्यात तेच घर जसेच्या तसे बांधले, तर ती भट्टी होते. बाहेर चाळीस अंश असताना बंद प्लास्टिकखाली हवा आणखी दहा-पंधरा अंशांनी सहज तापते. टोमॅटोचे झाड तर नाजूक प्रकृतीचे. दिवसा पंचवीस अंशांच्या आसपास आणि रात्री पंधरा ते वीस अंश, अशा हवेत त्याची फळधारणा उत्तम होते. पस्तीसच्या पुढे परागकण निकामी होऊ लागतात व फुले गळतात. तिसाच्या वर फार काळ राहिलेले फळ पिवळट-नारिंगी राहते, कारण त्याला लाली देणारे द्रव्य त्या उष्णतेत नीट तयारच होत नाही.

म्हणून आपल्याकडे या घराचा हेतूच उलटा करावा लागतो. ऊन कोंडावयाचे नसून गाळावयाचे असते. पण हा विचार आपल्याला नवा आहे काय? आपल्या पानमळ्याकडे पाहा. शेवरी, हादगा, पांगारा यांच्या सावलीत नागवेल चढवावयाची, आणि भोवती कूड घालून वारा अडवावयाचा, ही विद्या महाराष्ट्रातील माळ्याला पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. रामटेककडील पानबरेजे तर गवताच्या छताची व कुडांची खरीखुरी घरेच असतात. आज ज्याला 'शेडनेट' म्हणतात, ते या बरेज्याचे नव्या धाग्यातले रूप होय. परदेशातील काचगृहाची नक्कल करण्यापेक्षा पानमळ्याचे हे जुने तत्त्व पुढे नेणे, हाच येथील खरा मार्ग आहे, असे मला वाटते.

पहिल्याच वर्षी या घरात शिरणाऱ्याला आणखी एक गोष्ट चकविते. झाडे फुलांनी लगडतात, आणि फळ धरत नाही. उघड्या शेतात वारा फूल हलवितो व पराग झडतो. जाळीच्या आत वारा मंदावतो. युरोपात यासाठी १९८७ पासून बंबलबी जातीचे भुंगे पेट्यांतून विकत आणून सोडतात. ते फुलाला लोंबकळून गुणगुणतात, आणि त्या थरथरीने पराग गळतो. आपल्या मैदानी प्रदेशात हे भुंगे नाहीत. तेव्हा ज्या सुतळ्यांवर वेल चढविलेले असतात, त्या सकाळी ऊन चढू लागताच हलक्या हाताने हलवाव्या लागतात. बारीक विणीच्या जाळीचा मोठा लाभ म्हणजे पानांचा बोकड्या पसरविणारी पांढरी माशी बाहेर राहते. टोमॅटोच्या माहेरची 'ट्युटा' नावाची नागअळीही २०१४ मध्ये महाराष्ट्रात येऊन पोहोचली आहे. तिच्याविरुद्धही ही जाळी उपयोगी पडते. मात्र त्याच जमिनीत फिरून फिरून टोमॅटोच लावला, तर मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी माजतात, आणि मग जाळी काय करणार?

या विद्येला आधार जवळच आहे. परभणीला शेतीसंशोधनाचे काम निजामाच्या अमदानीत, १९१८ मध्ये सुरू झाले. १९५६ मध्ये तेथे कृषी महाविद्यालय निघाले, आणि १९७२ मध्ये मराठवाड्याचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. जालन्यास बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये बियाण्यांचा उद्योग उभारला. त्या परिसराला लागून असलेल्या देऊळगाव राजा व सिंदखेड राजा या भागांत आज शेडनेटखाली टोमॅटो व मिरची यांचे संकरित बी तयार होते. एकेका फुलातील पुंकेसर चिमट्याने काढून दुसऱ्या झाडाचा पराग लावण्याचे हे नाजूक काम बहुतेक स्त्रियाच करतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून परभणीसह अनेक जिल्ह्यांत शेडनेटला अनुदानही मिळू लागले.

परंतु अनुदानाने सांगाडा उभा राहतो, पीक नव्हे. दहा गुंठ्यांच्या जाळीत सुमारे अडीच हजार रोपे बसतात, आणि रोपामागे दिवसाला एक ते दोन लिटर पाणी ठिबकाने द्यावे लागते. म्हणजे रोज अडीच ते पाच हजार लिटर. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे ज्याने पाहिले, त्याला या आकड्याचे वजन वेगळे सांगावयास नको. गर्न्सीला जे तेल, तेच आपल्याला पाणी. त्यातून फेब्रुवारी-मार्च २०१४ सारखी गारपीट झाली, तर जाळीही फाटते आणि कर्ज मात्र उरते. भावाचे तर विचारूच नये. जुलै २०२३ मध्ये किलोला शंभर रुपयांच्या वर गेलेला टोमॅटो सप्टेंबरात शेतकऱ्यांनी रस्त्यावर ओतला.

तेव्हा गंगाखेडच्या नव्या बागाईतदाराने प्रथम विहिरीचे पाणी चैत्रात मोजावे, आणि जेवढे पाणी पुरेल तेवढ्याच गुंठ्यांवर जाळी ताणावी. लागवडीची वेळ अशी धरावी, की फुलोरा थंडी ओसरल्यावर आणि कडक ऊन लागण्यापूर्वी यावा. आपणा शहरवासीयांकडे पाहिले, तर पावशेर टोमॅटोसाठी घासाघीस करताना या हिशेबाची आठवण राहिली, तरी पुष्कळ झाले. टोमॅटोला आपल्या घरात यावयास तीन-चारशे वर्षे लागली. त्याला त्याचे स्वतःचे घर गोदातीरी मिळावयाचे, तर ते येथले ऊन आणि येथले पाणी जाणणाऱ्या हातांनीच बांधले गेले पाहिजे.