उन्हात नेलं की बाळ रडतं, चेहऱ्यावर ठिपके येतात? हा आजार असू शकतो

झिरोडर्मा पिगमेंटोसम. नाव अवघड आहे, अर्थ सोपा: कोरडी आणि डागाळलेली त्वचा. आजार अत्यंत दुर्मिळ, पण उशिरा ओळखला तर जीवावर बेततो.

मूल जन्मतः अगदी नॉर्मल दिसतं. खूण पटते ती त्याला अंगणात, शेतात न्यायला लागल्यावर. काही मुलांची कातडी थोड्याशा उन्हानेही भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात, बरं व्हायला आठवडे लागतात. काहींना असं भाजत नाही, त्यामुळे घरच्यांना शंकाच येत नाही. मात्र दोन वर्षांच्या आत चेहरा, मान, हातांवर तिळासारखे काळे-तपकिरी ठिपके उमटू लागतात. कपड्याखालचं अंग बऱ्यापैकी साफ, उघडं अंग डागाळलेलं, हा फरक नीट बघावा. डोळे लाल होतात, पाणी येतं, उजेड सहन होत नाही.

उन्हातल्या अतिनील किरणांनी पेशींतला डीएनए रोज थोडा बिघडतो. निरोगी शरीर तो दुरुस्त करतं. या मुलांत ती दुरुस्तीच नीट होत नाही. म्हणून आठ-दहा वर्षांच्या वयातही त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो. साधारण चारपैकी एका रुग्णात ऐकू कमी येणं, तोल जाणं असे मेंदू-नसांचे त्रासही दिसतात.

हा संसर्ग नाही, कोड नाही, कुणाची नजर तर नाहीच. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच आजार होतो. आईवडील स्वतः ठणठणीत असतात. प्रत्येक गरोदरपणात धोका 25 टक्के. मामाच्या मुलीशी लग्न किंवा इतर नात्यातली लग्नं असलेल्या घरांत ही शक्यता वाढते. त्यात एकट्या सुनेला दोष देणं साफ चूक.

मुळापासून बरं करणारा इलाज नाही. ऊन टाळणं हाच खरा उपचार: पूर्ण बाह्या, रुंद टोपी, अतिनील किरण अडवणारा चष्मा, सनस्क्रीन. ढगाळ दिवशीही हे पाळायचं, कारण किरण ढगातून येतात. खिडकीच्या काचेतूनही काही येतात, म्हणून पडदे हवेत. वेल्डिंगच्या दुकानाजवळ मुलाला थांबू देऊ नये. ऊन बंद झाल्याने ड जीवनसत्त्व कमी पडतं, ते डॉक्टर गोळ्यांतून देतात.

बरी न होणारी जखम किंवा वाढणारी गाठ दिसली तर मलम लावत बसू नका, जिल्हा रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात दाखवा. शाळेतही सांगून ठेवा, मुलाला पीटीच्या तासाला मैदानात उभं करू नये.