गीतकार दिग्दर्शक होतो तेव्हा

‘आधी बीज एकले’ हे पद कोणाचे, असे चार सुशिक्षित घरांत विचारून पाहावे. ‘तुकोबांचे!’ हे उत्तर हमखास ऐकू येईल. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ साली पडद्यावर आला, तेव्हाही कित्येकांनी हा अभंग गाथेत शोधला म्हणतात. तो तेथे सापडणार कसा? तो लिहिला होता शांताराम आठवले या पंचविशीतल्या तरुण कवीने!

कवीला याहून मोठी पावती कोणती? पण मला वाटते, याहून मोठा तोटाही नाही. पद घरोघरी गेले आणि कवी मात्र बाहेरच राहिला. अर्थात त्याचे कामच तसे होते. विष्णुपंत पागनिसांच्या मुखी तुकोबांच्या अभंगांशेजारी शोभेल असे पद लिहायचे, तर स्वतःचा ठसा पुसूनच टाकावा लागतो. ‘कुंकू’ (१९३७) आला, की लेखणीने घरगुती वळण घ्यावे. ‘शेजारी’ (१९४१) आला, की सारा गाव नाचेल असे ‘लखलख चंदेरी’ लिहावे. प्रसंग दुसऱ्याचा, पात्र दुसऱ्याचे, चाल कधी केशवराव भोळ्यांची, तर कधी मास्तर कृष्णरावांची. आपले म्हणून उरतात ते केवळ शब्द.

असा माणूस एक दिवस दिग्दर्शक झाला. १९४८ साली आठवल्यांचा ‘भाग्यरेखा’ आला आणि १९५३ साली ‘वहिनींच्या बांगड्या’. गीतकाराने दिग्दर्शनात पडू नये, असे म्हणणारे तेव्हाही असतील. मला मात्र ही वाट सरळ दिसते. प्रसंगाची गरज ओळखून चार ओळींत तो उभा करायचा, ही तालीम त्यांनी गाण्यांतूनच घेतली होती. शिवाय य. गो. जोशींच्या कथेतली वहिनी ही काही गर्जून बोलणारी बाई नव्हे. तिची माया दाखवायची ती हातातल्या बांगड्यांतून. एवढ्याशा वस्तूवर सारा भाव तोलून धरणे हे मुळात कवीचेच काम! त्याच कथेवर १९६१ साली हिंदीत ‘भाभी की चूडियाँ’ निघाला, तो मीनाकुमारी आणि बलराज साहनी यांना घेऊन.

दोन दगडांवर पाय ठेवू नये, अशी आपल्याकडे वडीलधाऱ्यांची शिकवण. पण येथे दगड दोन नव्हतेच. दुसऱ्याच्या सुखदुःखाला रूप द्यायचे, हा एकच व्यवसाय. कधी तो लेखणीने केला, कधी कॅमेऱ्याने. फरक पडला तो नावाचा. दिग्दर्शकाचे नाव पडद्यावर शेवटी एकटे झळकते. गीतकाराचे नाव पाटीवर येऊन जाते आणि गाणे सुरू होईपर्यंत आपण ते विसरलेलो असतो.

या दिवाळीत कोणाच्या घरी ‘आधी बीज एकले’ लागलेच, तर मुलांना एवढे अवश्य सांगावे, की तुकोबांच्या वाणीशी एकजीव झालेले हे शब्द आठवल्यांचे आहेत. तुकोबा काही रागावणार नाहीत.