गाडीखालचे आवाज : निदान आणि धोक्याच्या खुणा

धाराशिव जिल्ह्यात मोटारीच्या तळाची परीक्षा दोन प्रकारच्या रस्त्यांवर होते. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव-येडशी या राष्ट्रीय महामार्ग ५२ वर वेग असतो आणि तुळजापूरजवळ घाट लागतो. महामार्ग सोडून बालाघाटाच्या डोंगररांगांतील गावांकडे वळले, की खडी, धूळ आणि गतिरोधक वाट्याला येतात. अशा प्रवासात गाडीखालून आवाज येऊ लागला, तर तो 'कोठून येतो' यापेक्षा 'केव्हा येतो' हे आधी पाहावे. लोखंडी सांगाड्यातून आवाज दूरवर पोहोचतो. त्यामुळे जागेबाबत कानाची फसगत होते.

खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून जाताना 'खट्खट्' होत असेल, तर सस्पेन्शनचे रबरी बुश, लिंक, शॉक अॅब्सॉर्बर किंवा बॉल जॉइंट झिजल्याची शक्यता असते. यांपैकी बॉल जॉइंट निसटल्यास चाक आडवे पडून गाडीवरील ताबा सुटू शकतो.

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना 'कट्कट्' आवाज येणे, ही पुढील चाकांना शक्ती पुरवणाऱ्या एक्सलचा जॉइंट खराब झाल्याची खूण होय. त्यावरील रबरी आवरण फाटले की ग्रीस बाहेर पडते आणि धूळ आत शिरते. आवरण वेळीच बदलल्यास जॉइंटचा मोठा खर्च वाचतो.

वेगाबरोबर वाढणारी आणि गिअर बदलूनही न बदलणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. असमान झिजलेले टायरही असाच आवाज करतात. सायलेन्सरवरील उष्णतारोधक पत्रा सैल झाल्यास इंजिन सुरू होताच खडखडाट होतो. सायलेन्सरचा पाइपच फुटला असेल, तर विषारी कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरण्याचा धोका असतो.

ब्रेक दाबताना येणारा चिरका आवाज पॅड झिजल्याची पूर्वसूचना असू शकतो. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी 'करकर' मात्र थांबण्याचाच इशारा समजावा; अशा स्थितीत घाट उतरू नये. कच्च्या रस्त्यानंतर अचानक घासल्याचा आवाज आला, तर ब्रेकची डिस्क आणि तिच्या मागचा पत्रा यांत खडा अडकलेला असू शकतो.

सुगीच्या दिवसांत मळणीसाठी रस्त्यावर पसरलेल्या काडावरून गाडी गेल्यास ते एक्सलभोवती गुंडाळले जाते आणि तप्त सायलेन्सरला लागून पेट घेऊ शकते. खालून सरसर ऐकू आली, की सुरक्षित जागी थांबून पाहणी करावी.

पाहणी करताना इंजिन बंद ठेवावे, तळ निवू द्यावा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. मेकॅनिकला वेग, वळण, ब्रेक आणि रस्ता यांची नेमकी माहिती दिल्यास निदान लवकर होते आणि निष्कारण सुटे भाग बदलण्याचा खर्च टळतो.