वेगाची वेसण

भरलेली बैलगाडी जाफराबादेस पूर्णेच्या पात्राकडे उतरतांना ज्यानें पाहिली असेल, त्याला वेग आणि आवर यांचें नातें निराळें समजावून सांगावयास नको. उतार लागतांच गाडीवान कासरा ताणतो, वेसण आवळते, आणि बैल पाय रोवून मागून रेटणारा भार आपल्या अंगावर झेलतात. येथें जो गाडी ओढतो तोच ती थांबवितोहि. शिवाय बैलास स्वतःच्या जिवाची काळजी असते; गाडीवानास डुलकी लागली म्हणून तो दरडीवरून उडी घेत नाहीं. मोटारीच्या आगमनानें हें जुनें नातें तुटलें. ओढणारें यंत्र एक आणि आवरणारें यंत्र दुसरें, अशी फारकत झाली. आणि या दुसऱ्या यंत्राचा इतिहास म्हणजे पहिल्याच्या मागून धांवत राहण्याचा इतिहास होय.

आरंभींच्या मोटारींना ब्रेक असत ते बहुधा केवळ मागच्या चाकांना, किंवा त्या चाकांकडे शक्ति नेणाऱ्या दांड्याला. पुढच्या चाकांना ब्रेक लावल्यास गाडी वळविणें अशक्य होईल व ती घसरेल, अशी भीति त्या काळच्या पुष्कळ कारागिरांस वाटे. ती अगदींच निराधार नव्हती; परंतु निसर्गनियम उलट बाजूस उभा होता. धांवती गाडी एकाएकीं रोखली म्हणजे तिचा भार पुढें कलतो. आगगाडी थांबतांना उभा असलेला उतारू पुढें झुकतो, तसाच. मागचीं चाकें हलकीं होतात, रस्त्यावरची त्यांची पकड सुटूं लागते. आणि ज्या चाकांवर भार वाढलेला असतो, नेमका त्यांनाच ब्रेक नसे!

या नियमाची प्रचीति फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत चांगली आली. ही शर्यत १९२३ सालीं प्रथम भरली. तींत जॉन डफ आणि फ्रँक क्लेमेंट यांनीं चालविलेली तीन लिटरची इंग्लिश बेंटली चौथी आली. तिचे ब्रेक केवळ मागच्या चाकांना होते. पुढच्या वर्षीं तेच दोघे त्याच जातीची गाडी घेऊन परत आले; या खेपेस तिच्या चारहि चाकांना ब्रेक होते, आणि ती पहिली आली. विजयाचें सारें श्रेय ब्रेकांस देणें न्यायाचें होणार नाहीं. पहिल्या वर्षीं दगड लागून पेट्रोलची टाकी फुटली होती, तिचाहि दुसऱ्या खेपेस बंदोबस्त केलेला होता. तथापि एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. स्पोर्ट्स मोटारीचे ब्रेक सुधारणें हा केवळ नंतरच्या हौशी मंडळींचा उपद्व्याप नव्हे; खुद्द निर्मात्यांच्या हयातींतच तें काम सुरू झालें होतें.

चार चाकांना ब्रेक आले तरी एक अडचण राहिलीच. पायाचा जोर चाकांपर्यंत नेण्यासाठीं तारेचे दोर, सळया आणि तरफा असत. एक दोर ताठ व दुसरा सैल झाला कीं गाडी एका अंगास ओढली जाई. अमेरिकेंतील माल्कम लॉकहीड यांनीं यावर द्रवाचा उपाय योजिला. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोंचतो, हा पास्कलचा नियम शाळकरी मुलांसहि ठाऊक असतो. १९२१ सालीं जिमी मर्फी यांनीं ज्या डुझेनबर्ग गाडींतून फ्रान्सची ग्रां प्री शर्यत जिंकली, तिचे ब्रेक या द्रवाच्या दाबावर चालत.

याच कारखान्याची गाडी पुढें एका मराठी राजघराण्यांतहि आली. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनीं १९३० नंतरच्या दशकांत डुझेनबर्गची ‘एसजे’ गाडी घेतली, आणि लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून तिची बॉडी बांधवून घेतली. तिच्या इंजिनाची शक्ति ३२० अश्वांची सांगितली जाई. पण ज्या कारखान्यानें एवढे अश्व जुंपले, त्यानें वेसणहि विसरली नव्हती. चारहि चाकांना द्रवाचे ब्रेक होते. उलट फ्रान्सच्या बुगाटी कारखान्यानें आपल्या नामांकित ‘टाइप ५७’ गाडीस १९३८ च्या सुमारापर्यंत दोराचेच ब्रेक ठेविले. तशा कित्येक गाड्यांच्या मालकांनीं मागाहून दोर काढून द्रवाचे ब्रेक बसवून घेतले.

आतां खऱ्या शत्रूकडे वळलें पाहिजे. हा शत्रु म्हणजे उष्णता. ब्रेक वेग नाहींसा करीत नाहीं. तो त्याची उष्णता करतो. वेग दुप्पट झाला कीं ही उष्णता चौपट होते. ताशीं ३० मैलांनीं जाणारी मोटार ६० मैलांनीं धांवूं लागली, तर तिला थांबविण्याचें काम दुप्पट नव्हे, चौपट होतें. जुन्या ब्रेकांत चाकाबरोबर ड्रम फिरतो, व आंतले शू पसरून त्यास घासतात. उष्णता आंतल्या आंत कोंडते. ड्रम तापून फुगतो व शूपासून दूर सरतो; लायनरची पकड ढिली पडते; पेडल खालीं जातें, पण गाडी थांबत नाहीं. १९४८ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत जग्वारची ‘एक्सके १२०’ गाडी मांडली गेली. नांवांतील आंकडा ताशीं मैलांचा. ब्रेक मात्र ड्रमचेच, आणि वारा न लागणाऱ्या चाकांआड दडलेले. वेग पुन्हां एकदां पुढें निघून गेला होता.

नवल असें कीं, या व्याधीवरील औषध अर्धशतकापूर्वींच सांपडलेलें होतें. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं १९०२ सालीं डिस्क ब्रेकाचें पेटंट घेतलें होतें. चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी, आणि तिला दोन्ही बाजूंनीं पकडणारा चिमटा, एवढीच ती कल्पना. तबकडी वाऱ्यावर असल्यानें लवकर निवते. परंतु त्या काळीं तिला साजेसें लायनर मिळेना. धातूवर धातु घासून कर्कश आवाज निघे. पुढें डनलॉप कंपनीच्या साहाय्यानें जग्वारनें आपल्या ‘सी-टाइप’ गाडीस असे ब्रेक बसविले, आणि १९५३ सालीं टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनीं तीच गाडी घेऊन ल मांची शर्यत जिंकली. चोवीस तासांची सरासरी तेथें प्रथमच ताशीं १०० मैलांवर गेली. इतर गाड्यांस जेथें वेग आवरता घ्यावा लागे, तेथून पुढें जाऊन सी-टाइप निर्धास्तपणें आवरतां येई. अधिक चांगला ब्रेक हाच अधिक वेग ठरला.

जुन्या गाडीच्या आजच्या मालकापुढें जो प्रश्न उभा राहतो तो येथूनच. खंडाळ्याचा घाट उतरतांना तापलेले ड्रम हातीं सोंपवून त्यानें गाडीचें जुनेपण राखावें, कीं डिस्क बसवून जीव राखावा? डिस्क बसविणें म्हणजे दोन बोल्ट बदलणें नव्हे. ड्रमचे शू फिरत्या ड्रमबरोबर आपोआप आवळले जातात. डिस्कला ती मदत नाहीं, म्हणून अधिक दाब लागतो व मास्टर सिलिंडर त्या मापाचा पाहिजे. पुढचे ब्रेक बळकट केले आणि मागच्यांचा तोल साधला नाहीं, तर ओल्या रस्त्यावर गाडी फिरते. जोर वाढला कीं तो आंस, चाक आणि टायर यांनाहि सोसावा लागतो. जुन्या गाड्यांत बहुधा चारहि चाकांस मिळून द्रवाची एकच वाट असते; एक नळी फुटली कीं सारे ब्रेक गेले. म्हणून कित्येकदां डिस्कपेक्षां अगोदर दुहेरी मास्टर सिलिंडर बसविणें शहाणपणाचें ठरतें. ब्रेक-ऑईल हवेंतील ओल शोषतें व मग लवकर उकळतें, तेव्हां तें वेळोवेळीं बदलणें हीहि सुधारणाच होय.

२०२१ सालीं भारत सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठीं नियम केले. गाडी मूळ स्वरूपांत असावी, चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, असा त्यांचा आशय आहे. जुन्याचा मान राखणारा हा नियम योग्यच. पण मान राखणें म्हणजे धोका राखणें नव्हे. काढलेले ड्रम तेल लावून जपून ठेवावे, मूळ भागांस भोंक पाडूं नये, कीं पुढच्या पिढीस हवें तर गाडी पूर्ववत् करतां यावी. एवढें पथ्य पाळलें तर इतिहासहि शाबूत राहतो आणि रस्त्यानें चालणारें मूलहि. गाडी मालकाची असते. रस्ता सर्वांचा असतो. जाफराबादच्या उतारावरील गाडीवानास हें कोणीं शिकविलें नव्हतें. तरी गाडी जुंपण्यापूर्वीं त्याचा हात आधीं वेसणीकडेच जाई.