सनद हवी, तर ओळख सोडा
मंडळी, कॅनडाचा १८७६चा इंडियन ॲक्ट वाचताना आम्ही एका कलमापाशी थबकलो. मूलनिवासी माणूस वकील झाला, की कायद्याच्या लेखी तो ‘इंडियन’ उरतच नसे! पुढे १९२७ ते १९५१ या काळात आपल्या हक्काच्या दाव्यासाठी सरकारी परवानगीवाचून वर्गणी गोळा करणं हाही गुन्हाच.

२०१५ साली सत्य आणि सलोखा आयोगानं लॉ कॉलेजांना सांगितलं, की हा इतिहास प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवा. २०१८पासून व्हिक्टोरिया विद्यापीठात तर मूलनिवासींचे स्वतःचे कायदेही पदवीला आहेत. विद्यार्थी त्यांच्या वस्तीत जाऊन ते शिकतात.

मग सलोखा म्हणजे काय? नुसती माफी मागणं? ज्यांचा कायदा मोडीत काढला, त्यांच्यापुढे विद्यार्थी म्हणून बसणं, असं आम्ही म्हणू.