कोंबड्या राखायला कुत्रा पाळताय? आधी कोंबड्यांना त्याच्यापासूनच वाचवावं लागतं!

परसात आठ-दहा गावरान कोंबड्या असल्या की अंडी घरची होतात, उष्टं-खरकटं वाया जात नाही आणि पाहुणे आले तरी बाजारात धावावं लागत नाही. मग एका सकाळी खुराड्याचं दार किलकिलं दिसतं, अंगणात पिसांचा सडा पडलेला असतो आणि तलंगांपैकी दोन गायब असतात. असं दोन-तीनदा झालं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "एखादं कुत्रं पाळू या, राखण तरी करील."

कल्पना चांगली आहे, पण तिच्यात एक मोठी मेख आहे. पळणारी, फडफडणारी, कलकलाट करणारी कोंबडी बघून कुत्र्याच्या अंगातला शिकारी जागा होतो. त्यामुळे नव्या कुत्र्यापासून कोंबड्यांना पहिला धोका असतो तो त्या कुत्र्याचाच. हा धोका संपून तोच कुत्रा राखणदार व्हायला साधारण दीड ते दोन वर्षं जातात.

एका कोंबडीवाल्याच्या कुत्र्याची गोष्ट

राखणदार कुत्रा काय करू शकतो, याचं जगभर गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. व्हिक्टोरिया राज्यातल्या वॉर्नमबूल शहराजवळ मिडल आयलंड नावाचं छोटं बेट आहे. तिथे जगातले सर्वांत लहान पेंग्विन राहतात. ओहोटीला पाणी उतरलं की किनाऱ्यावरची खोकडं चालत बेटावर जायची आणि पेंग्विनांचा फडशा पाडायची. काही वर्षांपूर्वी शेकड्यांत असलेले पेंग्विन 2005 पर्यंत दहाहून कमी उरले.

उपाय सुचवला तो कोंबडीपालन करणाऱ्या अॅलन मार्श यांनी. खोकडांपासून कोंबड्या राखायला त्यांच्याकडे मरेम्मा जातीची कुत्री होती. इटलीतले मेंढपाळ ही पांढरी, दांडगी कुत्री मेंढ्या राखायला पाळतात. कोंबडी राखणारा कुत्रा पेंग्विन का राखणार नाही, असा साधा हिशोब होता. 2006 मध्ये मार्श यांची ऑडबॉल नावाची कुत्री बेटावर गेली. तिच्यानंतर आणखी मरेम्मा तयार करण्यात आले, पेंग्विनांची संख्या पुन्हा वाढली आणि 2015 मध्ये ऑडबॉलवर सिनेमाही निघाला.

यातली खरी गंमत अशी की हा कुत्रा शिकार करून राखण करत नाही. तो तिथे वावरतो, जागोजागी मुतून आपली हद्द आखतो आणि भुंकतो. खोकडाला तेवढा इशारा पुरतो. पण कुत्रा जागेवर नसला की राखणही नाही. 2017 मध्ये कुत्री बेटावर नसताना खोकडं शिरली आणि बरेच पेंग्विन मारले गेले.

मग कुठला कुत्रा घ्यायचा?

कुत्र्यांची पैदास वेगवेगळ्या कामांसाठी झाली आहे. कारवान, पश्मी, मुधोळ ही आपल्याकडची देखणी कुत्री नजरेनं सावज हेरून त्याच्यामागे सुसाट धावण्यासाठी पाळली गेली. सशामागे सुटणारं कुत्रं कोंबडीमागेही सुटणार. जर्मन शेफर्ड मूळचा मेंढ्या हाकणारा, म्हणून तो कोंबड्यांनाही दिवसभर पळवतो आणि त्या अंडी द्यायच्या बंद होतात. लॅब्राडॉर स्वभावानं गरीब खरा, पण शिकाऱ्यानं पाडलेली पाखरं तोंडात धरून आणणं हे त्याचं वडिलोपार्जित काम! मरेम्मा किंवा ग्रेट पिरेनीज हौसेनं आणायचा म्हटलं, तर त्यांचे दाट केस विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्यांच्याच जिवावर उठतील.

त्यापेक्षा धनगरांच्या वाड्यावरची कुत्री बघा. ती मेंढरांमध्येच जन्मतात, वाढतात आणि रात्री लांडग्याची चाहूल लागली की उठतात. त्यांचं वेगळं शिक्षण असं फारसं होत नाही, सोबत वाढणं हेच शिक्षण. कोंबड्यांसाठीही हाच नियम लागू पडतो. ज्या घरात कोंबड्या मोकळ्या फिरतात आणि कुत्री त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही, तिथलं गावठी पिल्लू सर्वांत उत्तम. मात्र ते आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये.

मोठा कुत्रा घ्यायचा असेल तर आधी त्याला पट्टा लावून जाळीपलीकडच्या कोंबड्या दाखवा. तो अंग ताठ करून, नजर खिळवून उभा राहिला आणि हाक मारली तरी कान हलवत नसेल, तर तो या कामाचा नाही. बघितलं, हुंगलं आणि कंटाळून तोंड फिरवलं, तर बात बनू शकते.

शिकवायचं कसं?

पिल्लाच्या आयुष्यातले पहिले तीन महिने फार मोलाचे. या काळात जे आजूबाजूला असतं ते त्याला आपलं वाटतं. म्हणून त्याची झोपायची जागा खुराड्याशेजारी करावी, मध्ये जाळी ठेवून. दोघांना एकमेकांचा वास, आवाज, हालचाल सवयीची होते.

मग रोज संध्याकाळी, कोंबड्या शांत झाल्यावर, पट्टा हातात धरून पिल्लाला त्यांच्यात दहा-पंधरा मिनिटं बसवायचं. ते शांत बसलं की भाकरीचा तुकडा आणि कौतुक. कोंबडीकडे झेपावलं की ठाम आवाजात "सोड" म्हणायचं आणि मागे घ्यायचं. शब्द घरातल्या सगळ्यांनी एकच वापरायचा. बाबा "सोड", आई "नको" आणि मुलं "नो" म्हणत असतील तर बिचाऱ्यानं शिकायचं काय?

कुत्र्याचं ताट कोंबड्यांपासून दूर हवं. कोंबड्या बिनधास्त त्याच्या ताटात चोच घालतात आणि एरवी शहाणा असलेला कुत्राही जेवताना चावतो. घरी कोंबडी कापली तर मुंडी, आतडी, पिसं त्याच्यापुढे टाकू नका. रविवारी खाऊ म्हणून मिळालेली वस्तू सोमवारी अंगणात फिरताना दिसली, तर दोष त्याचा नाही. मेलेल्या कोंबड्याही खोल पुराव्यात.

सगळ्यात जास्त घात होतो तो सहा महिने ते दीड वर्ष या वयात. पिल्लू आता अंगानं मोठं झालेलं असतं, पण डोक्यानं पोरच. या वयातलं कुत्रं बरेचदा भुकेपोटी नव्हे, खेळता खेळता कोंबडी मारतं. मालकाला वाटतं, शिकलाय आता, आणि तो दोघांना मोकळं सोडून लग्नाला जातो. तसं करू नये. या काळात घरी कुणी नसेल तर कुत्रा बांधलेला किंवा जाळीपलीकडेच हवा. लहान पिलांजवळ तर त्याला एकटं कधीच सोडू नये.

आणि एवढं करूनही कोंबडी मेलीच तर? मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा उपाय काही जण सांगतात. त्याचा उपयोग नाही. तासाभरानंतर दिलेल्या शिक्षेचा मघाच्या चुकीशी असलेला संबंध कुत्र्याला कळत नाही, तो फक्त मालकाला घाबरायला लागतो. पुन्हा पट्ट्यापासून सुरुवात करणं हाच मार्ग. दोन-तीनदा असं झालं तर त्याला घराची राखण द्यावी, कोंबड्यांची नको.

कुत्रा कुणाला अडवतो, कुणाला नाही

मुंगूस दिवसाढवळ्या येतं, कोल्हा आणि रानमांजर बहुधा तिन्हीसांजेनंतर. यांना भुंकणारा कुत्रा चांगला वचक बसवतो. हे सगळे प्राणी वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत. विष किंवा सापळा लावणं गुन्हा ठरतो, म्हणूनही कुत्र्याचा धाक हा बरा उपाय. पण झटापट झालीच तर मुंगूस आणि कोल्ह्याकडून रेबीज येऊ शकतो. राखणीच्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि पुढे दरवर्षीचा डोस चुकवून चालत नाही.

घार आणि शिक्र्यापुढे कुत्र्याचं फारसं चालत नाही, तिथे झाडोरा किंवा डालगंच कामाचं. बिळातून येणाऱ्या घुशीला आणि सापाला अडवायला बारीक, मजबूत जाळी लागते, आणि ती जमिनीत वीतभर तरी गाडलेली हवी. नागाशी भिडलेला कुत्रा बहुधा स्वतःच जातो. थोडक्यात, रात्री पहिली राखण कडी लावलेल्या खुराड्याची, कुत्र्याची त्यानंतर.

बिबट्याच्या मुलखात मात्र गणित उलटं

जुन्नर, अकोले, संगमनेर, सिन्नर या पट्ट्यात उसाच्या फडांतून बिबटे वावरतात. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा वजनाच्या हिशोबानं त्यांच्या खाण्यात तब्बल 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या संख्येनं कितीतरी जास्त असूनही त्यांचा वाटा होता 11 टक्के. कारण उघड आहे. शेळ्या रात्री गोठ्यात कोंडल्या जातात, कुत्री बाहेर असतात.

अशा ठिकाणी खुराड्यापाशी साखळीनं बांधलेला कुत्रा हा राखणदार नसून आमिष असतो. त्याला पळताही येत नाही. शिवाय त्याच्या मागावर आलेला बिबट्या घराच्या ओट्यापर्यंत येतो, जिथे लहान मुलं असतात. म्हणून तिथे कुत्र्याची पाळी दिवसाचीच. अंधार पडायच्या आत कोंबड्या खुराड्यात, कुत्रा घरात किंवा चारही बाजूंनी आणि वरूनही बंद असलेल्या जाळीच्या खोलीत, आणि अंगणात दिवा. रात्री तो आतून भुंकला तर बॅटरी घेऊन एकट्यानं बाहेर धावू नका. आधी खिडकीतून बघा, मोठ्यानं बोला, भांडी वाजवा, मगच दार उघडा.